जुन्या छायाचित्रांची साक्ष

न्यायालयात प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराला मान असतो. परंतु उलटतपासणीवाचून त्याचा जबाब कोणी स्वीकारीत नाही. तो कोठे उभा होता, त्या वेळी उजेड किती होता, त्याला कोणी बोलावून आणले होते, हे विचारल्यावरच त्याच्या शब्दाला वजन येते. जुने छायाचित्र हाही असाच एक प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आहे. मात्र त्याची उलटतपासणी आपण सहसा करीत नाही. एक तर चित्रात दिसते ते सारे जसेच्या तसे खरे मानतो, नाही तर ‘काय ते दिवस होते!’ असे म्हणून चित्र खाली ठेवतो. दोन्ही रीतींनी साक्ष वायाच जाते.

ही तपासणी कशी करावी, हे कावेरीकाठच्या एका मुलखाचे उदाहरण घेऊन पाहू. काळ आहे व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीचा, म्हणजे १८३७ ते १९०१ चा. राणी गादीवर आली आणि दोनच वर्षांनी, १८३९ साली, छायाचित्रणाची कला युरोपात जाहीर झाली. तिच्या अखेरच्या दिवसांत, १९०० साली, ‘ब्राउनी’ नावाचा पेटीवजा स्वस्त कॅमेरा बाजारात आला. एक राजवट आणि एक कला अशा बरोबरीने वाढल्या. त्यामुळे आपल्या खेड्यांचे यंत्राने टिपलेले पहिले रूप आपल्याला याच काळात सापडते.

मुलूख आहे कुंभकोणमचा. तंजावरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांच्या मध्ये हे गाव वसले आहे. देवळांचे आणि महामहम् तळ्याचे गाव म्हणून त्याची ख्याती. भोवताली भातशेती, आणि लागून असलेली गावे एकेका कसबासाठी नामांकित. स्वामिमलैला पंचधातूच्या मूर्ती ओततात, नाच्चियारकोविलला पितळी समया घडवितात, तिरुभुवनमला रेशीम विणतात. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत, म्हणजे सुमारे एकशेऐंशी वर्षे, तंजावरची गादी भोसल्यांकडे होती. १७९८ साली पदच्युत झालेले अमरसिंह राजे कुंभकोणमजवळच तिरुविडैमरुदूर येथे येऊन राहिले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी करणारे सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमलाच एका मराठी घराण्यात जन्मले. राज्य गेले तरी माणसे राहिली आणि घरात मराठी बोलत राहिली.

आता साक्षीदाराला पहिला प्रश्न: तुला येथे कोणी आणले?

या भागातील सर्वांत महत्त्वाची आरंभीची छायाचित्रे लिनियस ट्राइप या लष्करी अधिकाऱ्याची आहेत. मद्रास सरकारने त्याला १८५६ साली सरकारी छायाचित्रकार नेमले. १८५७ च्या डिसेंबरात तो निघाला आणि पुढील चार-पाच महिन्यांत श्रीरंगम, तिरुचिरापल्ली, पुदुकोट्टै, मदुरै आणि तंजावर हा टापू त्याने पालथा घातला. कावेरीकाठच्या या मुलखात तेव्हा आगगाडी नव्हती. सामानसुमान, रसायने आणि बारा इंच रुंद, पंधरा इंच लांब एवढे मोठे कागद घेणारा अवजड कॅमेरा, सारे बैलगाडीच्या वेगाने चालले होते. त्या वेळी उत्तर हिंदुस्थान बंडाने पेटलेला होता. तंजावरचे राजे शिवाजी १८५५ साली पुरुष वारसावाचून निवर्तले होते आणि त्यांची गादी कंपनी सरकारने खालसा केली होती. अशा वेळी सरकारला या दक्षिणेच्या प्राचीन वास्तूंची चित्ररूप नोंद हवी होती. १८५८ साली ट्राइपच्या चित्रांचे संच प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एक तंजावर आणि तिरुवैयारू यांचा होता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात राणीचा जाहीरनामा निघाला आणि कंपनीचा अंमल संपला. म्हणजे ही चित्रे कंपनीच्या अगदी शेवटच्या वर्षातील आहेत.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या जोत्यावर चोळकालीन शिलालेख कोरलेला आहे. ट्राइपने त्याचे तुकड्यातुकड्यांनी चित्रण करून एकवीस चित्रे एकापुढे एक जोडली आणि सुमारे एकोणीस फूट लांबीचा पट तयार केला. कामातील चिकाटीचा हा एक नमुनाच म्हणावा लागेल. परंतु सरकारी खर्चाची कथा तेव्हाही आजच्यासारखीच होती. १८५९ साली सर चार्ल्स ट्रेव्हेलियन मद्रासचे गव्हर्नर झाले. त्यांना छायाचित्रण ही चैन वाटली आणि लवकरच ट्राइपचे काम आवरते घेण्यात आले.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे: साक्षीदाराला सरकारने आणले, आणि देवळे व राजवाडे पाहण्यासाठी आणले. खेडे पाहण्यासाठी नव्हे. हे ध्यानात ठेवले म्हणजे त्या चित्रांत रस्ते ओस का, देवळाची अंगणे निर्मनुष्य का, याचे अर्धे उत्तर मिळते.

उरलेले अर्धे उत्तर त्या तंत्रात आहे. ट्राइप मेण लावलेल्या कागदाची निगेटिव्ह वापरीत असे. उन्हाळी हवेत हा कागद आधी तयार करून ठेवता येई, ही मोठी सोय. पण तो प्रकाश फार सावकाश घेई. कॅमेऱ्याचे तोंड कित्येकदा काही मिनिटे उघडे ठेवावे लागे. तेवढ्या अवधीत जे स्थिर राहील तेच कागदावर उमटे. गोपुर उमटे, नंदी उमटे. डोक्यावर घागर घेऊन गेलेली बाई उमटत नसे. अंगणातून शंभर माणसे गेली असली तरी चित्रात अंगण रिकामेच. झाडाखाली वाऱ्याने हललेल्या फांद्यांचा जसा नुसता धूसर पट्टा दिसतो, तसाच एखादा पट्टा रस्त्यावर दिसला तर तो गाडीचा किंवा माणसाचा असू शकतो. त्या काळच्या चित्रांतील शांतता पाहून ‘तेव्हाची खेडी किती निवांत!’ असे कोणी म्हणू लागला, तर त्याला सांगावे की, ही शांतता खेड्याची नव्हे, कागदाची आहे.

साक्षीदाराला दुसरा प्रश्न: तुला रंग दिसत होते काय?

नव्हते दिसत, आणि काळ्यापांढऱ्यातही फसगत होती. त्या काळची रसायने निळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देत. तांबड्याला जवळजवळ देतच नसत. म्हणून निळे आकाश पांढरेफटक येई, आणि तांबडे व पिवळे काळवंडून जाई. ट्राइपने तर कित्येक निगेटिव्हवर हाताने ढग रंगविले आहेत, कारण कोरे आकाश त्याला रुचत नसे. आता याचा परिणाम पाहा. कपाळीचे कुंकू काळे दिसते. हळदीने माखलेला चेहरा सावळा होतो. लाल रेशमी वस्त्र नेसून बसलेली नववधू काळे लुगडे नेसल्यासारखी दिसते. आणि संक्रांतीची चंद्रकळा सोडली तर मंगलप्रसंगी काळे वर्ज्य मानणारा आपला समाज ते पाहून बुचकळ्यात पडतो. ही उणीव दूर करण्याचे प्रयत्न १८७३ पासून सुरू झाले, परंतु सर्व रंगांना न्याय देणाऱ्या काचा विसाव्या शतकातच बाजारात आल्या. म्हणून व्हिक्टोरियाकालीन चित्रावरून कोणाचा वर्ण गोरा होता की काळा, याचा निवाडा कधीही करू नये.

आणखी एक धोका उजव्याडाव्याचा. निगेटिव्ह उलटी ठेवून छापली गेली तर सारे चित्र आरशातल्यासारखे होते. हे ओळखण्याची खूण आपल्या आचारातच आहे. ब्राह्मणाचे जानवे डाव्या खांद्यावर असावयाचे. ते उजव्या खांद्यावर दिसले तर दोनच शक्यता: गृहस्थ श्राद्ध करीत असून अपसव्य आहेत, किंवा चित्र उलटे छापले गेले आहे. कावेरीकाठी ही बाब अधिकच नाजूक आहे. तेथील ब्राह्मण स्त्रिया आपल्या नऊवारीसारखे कासोट्याचे लुगडे नेसत. त्याला ‘मडिसार’ म्हणतात. त्यात अय्यर घराण्यांतील पदर उजव्या खांद्यावर आणि अय्यंगार घराण्यांतील डाव्या खांद्यावर, अशी रीत आहे. काच एकदा उलटली की स्मार्त घराणे वैष्णव होऊन बसते!

इतकी खबरदारी घेतली, म्हणजे तिसरा आणि माझ्या मते सर्वांत फलदायी प्रश्न विचारता येतो: तुला दाखवावयाचे नव्हते असे तू काय दाखविलेस?

छायाचित्रकार मध्यभागी पाहतो. इतिहास कडेला सापडतो. चित्रकार नको ते वगळू शकतो. कॅमेऱ्याला तशी निवड करता येत नाही. त्याच्यासमोर जे येईल ते सारे तो घेतो. देवळाचे चित्र घेताना भिंतीला टेकून उभारलेली झावळ्यांची छपरे त्यात येतात. गोपुरावर उगवलेले गवत आणि पिंपळाची रोपे दिसतात, आणि देवस्थानाच्या देखभालीची स्थिती कळते. घरांच्या ओळीत कौले किती आणि गवती छपरे किती हे मोजता येते. दारापुढची ओटी, ज्याला तमिळमध्ये ‘तिण्णै’ म्हणतात, रस्त्याकडे उघडी आहे की गजांनी बंद केली आहे, हे पाहता येते. उघडी ओटी म्हणजे वाटसरूला बसावयास, झोपावयास मोकळी जागा. ती कधी बंद झाली, हा एक सामाजिक बदल आहे आणि त्याची नोंद कोणत्याही सरकारी खात्याने केलेली नाही.

शेताकडे वळले तर पाणी उपसण्याचे साधन दिसते. एका उभ्या आधारावर लांब तुळई, तिच्या एका टोकाला पोहरा, आणि तुळईवरून पुढेमागे चालून आपल्या वजनाने ती वरखाली करणारा माणूस. तमिळमध्ये हा ‘एट्रम’. आपल्याकडे देशावरची मोट बैल ओढीत. तेथे माणूसच भार होऊन चालत असे. अशा चित्रात ही तुळई दिसते की केवळ पाटाचे पाणी दिसते, यावरून त्या शेताचे दैव कळते. सर आर्थर कॉटन यांनी १८३० नंतरच्या दशकात कोलेरून प्रवाहावर बंधारे घातले आणि कावेरीच्या पाण्याला शिस्त लागली. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात दक्षिणेत लक्षावधी माणसे मेली. त्या मानाने तंजावरचा पाणथळ भाग सावरला, तो या कालव्यांच्या बळावर.

त्या दुष्काळाचीही छायाचित्रे आहेत, आणि ती पाहताना मन सुन्न होते. विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने मद्रास इलाख्यातील हाडांचे सापळे झालेल्या माणसांना रांगेने बसवून त्यांची चित्रे घेतली. ती चित्रे खरी आहेत, आणि तरीही मांडून घेतलेली आहेत. भूक खरी, बैठक छायाचित्रकाराची. उपाशी माणसांना असे कॅमेऱ्यापुढे बसविण्याबद्दल हूपरवर पुढे कठोर टीका झाली. यावरून चौथा प्रश्न सुचतो: तुझ्यापुढे बसलेल्या माणसाची यात काही इच्छा होती काय?

बहुधा नव्हती. १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात ४६८ छायाचित्रे आहेत. मुंबईत विल्यम जॉन्सन यांनी तेथील जातीजमातींचा असाच चित्रसंग्रह १८६० नंतरच्या दशकात प्रसिद्ध केला. या ग्रंथांत माणूस भेटत नाही, नमुना भेटतो. खाली नाव नसते. जात असते, धंदा असतो. ही दृष्टी कॅमेऱ्याबरोबर आली असेही नव्हे. तंजावरचे चितारी त्याआधीपासूनच साहेबलोकांसाठी एकेका धंद्याचे जोडपे, म्हणजे कुंभार व त्याची बायको, कोष्टी व त्याची बायको, अशी चित्रे रंगवून त्यांच्या वह्या करून देत असत. कॅमेऱ्याने तीच वही पुढे चालविली.

आणि नमुना म्हणूनही ज्यांना क्वचितच स्थान मिळाले, अशी माणसे फार मोठ्या संख्येने होती. कावेरीच्या खोऱ्यात जमीन मिरासदारांची, आणि चिखलात उभे राहून भात लावणारे हात ‘पण्णैयाळ’ म्हणजे बांधील शेतमजुरांचे. त्यांतील बहुतेक अस्पृश्य मानलेल्या जातींचे. त्यांची वस्ती गावाबाहेर, ‘चेरी’त. गुलामगिरीची कायदेशीर मान्यता १८४३ च्या कायद्याने काढून घेतली, परंतु तंजावरच्या पण्णैयाळांना संरक्षण देणारा कायदा यावयास १९५२ साल उजाडावे लागले. या शंभरांहून अधिक वर्षांत अग्रहाराच्या रस्त्याची, देवळाची, तळ्याची चित्रे निघाली. चेरीची फारच थोडी निघाली. कॅमेरा तेथवर सहसा गेलाच नाही. तेव्हा जुन्या चित्रांच्या आधारे ‘आमचे गाव’ असे म्हणताना, चित्राच्या चौकटीबाहेर गावाचा केवढा भाग राहिला आहे, याचे भान ठेवले पाहिजे. साक्षीदार ज्याविषयी गप्प बसतो तेही पुराव्यातच जमा धरावे लागते.

१८८० च्या सुमारास एक पालट घडून आला. कोरड्या काचा तयार मिळू लागल्या, चित्र क्षणात निघू लागले, खर्च उतरला आणि दक्षिणेतील शहरांतून स्टुडिओ निघाले. आता माणूस स्वतःहून कॅमेऱ्यापुढे जाऊन बसू लागला. वकील, शाळामास्तर, तहसील कचेरीतील कारकून, सावकार. मागे रंगविलेला पडदा, बाजूला कोरीव तिवई, हातात पुस्तक किंवा घड्याळाची साखळी. पुस्तक त्याचेच असेल असे नाही. पण पुस्तक हातात असावे असे त्याला वाटले, हे मात्र निश्चित. १८५४ साली कुंभकोणमला निघालेली सरकारी शाळा १८६७ साली कॉलेज झाली आणि पुढे ‘दक्षिणेचे केंब्रिज’ म्हणून नावाजली. त्या गावातील माणसाच्या हाती पुस्तक का, हे यावरून उमगते. पूर्वीच्या चित्रांत सरकारला काय हवे होते ते दिसते. या चित्रांत माणसाला स्वतः काय व्हावेसे वाटत होते ते दिसते.

अशीच चित्रे आज घराघरांतून पडून आहेत. कुंभकोणम-तंजावरकडील मराठी घरांत, आणि तेथून चेन्नई, बंगळूर, पुण्याकडे गेलेल्या त्यांच्या शाखांतही असतील. ट्राइपच्या चित्रांची चिंता नाही. ती लंडनच्या संग्रहालयांत जपली आहेत आणि २०१५ साली तेथे त्यांचे मोठे प्रदर्शनही झाले. पुद्दुचेरीच्या फ्रेंच संस्थेने १८८० ते १९८० या शंभर वर्षांतील तमिळ स्टुडिओंची छायाचित्रे जतन करण्याचे स्तुत्य काम हाती घेतले. परंतु कोणतीही संस्था घरातील ट्रंकेपर्यंत पोहोचू शकत नाही. एक चेहरा किती थोडक्यात वाचतो, याचे उदाहरण कुंभकोणमचेच आहे. गणिती रामानुजन यांचे बालपण तेथील सारंगपाणि सन्निधी रस्त्यावरच्या लहानशा घरात गेले. त्यांचा जो चेहरा आज साऱ्या जगाला ठाऊक आहे, तो १९१९ च्या एका पारपत्रावरील छायाचित्रातला. ते चित्र त्यांच्या पत्नीपाशी होते. प्राध्यापक हार्डी यांच्या सांगण्यावरून खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर यांनी १९३६ साली ते मिळविले. कोणी विचारले नसते, तर?

आपल्या घरातील चित्रांत रामानुजन नसेल. पण कोणी तरी आहेच. आणि ते कोण, हे सांगू शकणारे माणूस बहुधा आज ऐंशीच्या घरात आहे. सरकारी नोकरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते: दिनांक आणि नाव नसलेला कागद कितीही सुंदर अक्षरात लिहिलेला असला तरी कामास येत नाही. छायाचित्राचेही तसेच. आजीबाईंनी ‘ही माझी आत्या, तिरुविडैमरुदूरला दिलेली’ असे म्हटले की ते चित्र एका घराण्याचा, एका गावाचा, एका काळाचा पुरावा होते. आजीबाई गेल्या की तेच चित्र ‘जुन्या काळातील एक स्त्री’ होऊन बसते. म्हणजे परक्या साहेबाने आपल्या माणसांचा जो नमुना केला, तोच आपण आपल्या हातांनी करतो.

म्हणून काही साधी पथ्ये सांगतो. चित्राच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, नाव, नाते, गाव आणि अंदाजे साल लिहावे. शाई किंवा बॉलपेन वापरू नये. साल अंदाजाचे असेल तर ‘अंदाजे’ हा शब्द लिहावयास विसरू नये. चित्र ज्या पुठ्ठ्यावर चिकटविलेले असते तो काढून टाकू नये. त्यावर स्टुडिओचे नाव व गाव छापलेले असते, आणि पुठ्ठ्याच्या आकारावरूनही काळ ओळखता येतो. अडीच इंच रुंद आणि चार इंच उंच असा लहान पुठ्ठा बहुधा आधीचा, दुपटीच्या आसपासचा मोठा पुठ्ठा नंतरचा. चित्रे डिंकाने वहीत चिकटवू नयेत, प्लॅस्टिकमध्ये कायमची बंद करू नयेत. घरात मोडीतील पत्रे, जमाखर्चाच्या वह्या, जमिनीचे कागद असतील तर ते चित्रांबरोबर एकाच ठिकाणी ठेवावेत. मोडी वाचणारे आज थोडे असले तरी आहेत, आणि कागद व चित्र एकमेकांना बोलके करतात. फोनवर प्रत काढून ती नातेवाइकांना पाठवावी. एकाला न ओळखलेला चेहरा दुसरा ओळखतो.

आणि घरच्या मंडळींची नावे लिहून झाली म्हणजे चित्राच्या कडेला एकदा नजर टाकावी. खांबाआड उभी असलेली मोलकरीण, गाडीच्या बैलांची वेसण धरलेला गाडीवान, मुलाला कडेवर घेतलेली दाई तेथे असते. दिवाणसाहेबांचा पुतळा त्रिवेंद्रमला उभा आहे. त्यांचे नाव कोणी विसरणार नाही. गाडीवानाचे नाव मात्र आजीबाईंनाच ठाऊक असते. तेही विचारून घ्यावे, आणि त्याच पेन्सिलीने लिहून ठेवावे.